एकं, दुकं, चौकं, आठकं

चि. गुंडीस,

मामाचा आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं आरंभी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू ते वाच आणि पुढे चल, त्यावर विसंबू नकोस. तुझी प्रकृती कशी आहे? त्या क्रेनच्या केबिनमध्ये वारं लागत असेल, कान बांधून बसत जा. माणसाने जमिनीपासून इतक्या उंच बसून जहाजावरचे डबे उचलावेत आणि त्याबद्दल त्याला पगार मिळावा, हे मला अजून पटलेलं नाही. पण जग बहुतेक मला न पटलेल्या गोष्टींवरच चाललेलं आहे, तेव्हा ते सोड. माझे गुडघे होते तसेच आहेत. त्यात आता डोळ्यांपुढे शून्य आणि एक नाचतात, त्याचं कारण पुढे येईल.

तुला अजून गुंडी म्हणतो याचा राग मानू नकोस. तू माझ्या कोटाची गुंडी गिळलीस तेव्हा आक्का तुझ्यावर ओरडली नाही, माझ्यावर ओरडली, की गुंडी नीट शिवलेली का नव्हती. (ती शिवणारी तीच होती, पण हे बोलायची सोय नव्हती.) घरात चूक कुणाचीही असो, गुण माझे कापायचे हा तिचा पहिल्यापासूनचा रिवाज. मोठी बहीण गणिताची मास्तरीण असली की धाकट्या भावाला घर आणि शाळा यांतला फरक कळत नाही. चौदावं रत्न म्हणजे काय, हे मला मराठीच्या पुस्तकाआधी तिच्या पट्टीने समजावलं होतं.

तर मुद्दा. तुझ्या मागच्या पत्रात एकच ओळ होती, आई माझं नाव काढते का. मी उलट टपाली एकाच शब्दात उत्तर पाठवलं, नाही. त्यानंतर तुझं पत्र नाही, आणि फोन केला तर तू उचलत नाहीस. त्या 'नाही'बद्दल हे पत्र आहे. पण तिथपर्यंत पोचायला मला वळसा पडणार, कारण मधे एक यंत्र, एक डॉक्टर आणि माझी अक्कल अशा तीन अडचणी उभ्या आहेत.

झटका आल्यापासून आक्काची अवस्था तुला माहीत आहे. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. चालतात त्या फक्त पापण्या. सकाळी रुग्णालयाच्या सिस्टर येतात, तिला पुसून-पालटून जातात, उरलेला दिवस तिचा आणि माझा. सिस्टर म्हणाल्या, एकेक गोष्ट विचारत जा, हवी असेल तर डोळे मिटायला सांगा. मी विचारायला लागलो. पाणी हवंय? चहा हवाय? उशी सरकवू? तिसऱ्या प्रश्नाला तिने डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. मी आनंदाने उशी सरकवली, पाणी पाजलं, चहा केला, तरी डोळे मिटलेलेच. मग लक्षात आलं की हे होकाराचं मिटणं नव्हे, रागाचं आहे. जन्मभर जिने दुसऱ्यांना प्रश्न विचारले तिला बालवाडीसारखे प्रश्न विचारलेले खपेनात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

याच सुमारास वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग निघाला आणि मी नाव घातलं. (शिक्क्यांचं दुकान तसंही बसलंच आहे. रबरी शिक्के आता कुणी कोरून घेत नाही, सगळं संगणकावरच उमटतं. ज्याने आपलं दुकान बसवलं त्याचं तोंड एकदा बघावं असा विचार होता.) शिकवणाऱ्या मॅडम माझ्या छत्रीपेक्षा वयाने लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपण पायथन शिकणार, पायथन म्हणजे अजगर, पण घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो, ते ऐकून घाबरलो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी द्विमान संख्या काढल्या. म्हणजे असं की यंत्राला दहा आकडे झेपत नाहीत, शून्य आणि एक एवढेच कळतात, आणि तेवढ्यावर ते सगळं जग मोजतं. आपल्याकडे एकं, दहं, शतं अशी घरं दहापटीने वाढतात, तिथे दुपटीने वाढतात, एक, दोन, चार, आठ. ज्या घरात एक असेल ते धरायचं, शून्य असेल ते सोडायचं आणि धरलेल्यांची बेरीज करायची. एक-एक-शून्य-एक लिहिलं तर आठ, चार आणि एक मिळून तेरा. मला शाळेत हे कळलं नसतं. पण त्या दिवशी वर्गात बसल्याबसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला (फार मोठा नाही, पण या घरात तेवढाही बरेच दिवसांत पडला नव्हता): मिटलेला डोळा म्हणजे एक, उघडा डोळा म्हणजे शून्य. चार वेळा विचारलं की पंधरा गोष्टी सांगता येतील, आणि बालवाडीचे प्रश्न बंद.

घरचा अभ्यास म्हणून मॅडमनी द्विमानाचं दशमान करणारा प्रोग्राम लिहायला दिला होता. वरून पाहता पाच-सहा ओळींचं काम, पण त्याने माझ्या नाकी नऊ आणले. पहिल्यांदा एका ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली, तर यंत्राने लाल अक्षरांत माझी शोभा केली. मग टिंबं दिली, तर पुढच्या ओळीआधी मोकळी जागा सोडली नाही म्हणून पुन्हा शोभा. (जागा मोकळी सोडणं हीसुद्धा आज्ञा असते, हे मला या वयात कळलं.) मग सगळं बिनतक्रार चाललं आणि उत्तर चुकलं. मी एकाची दुप्पट मागितली तर त्याने अकरा दिले. मॅडम हसल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही जे टाइप करता ते त्याच्या लेखी अक्षर असतं, अंक नव्हे, अक्षराची दुप्पट म्हणजे तेच अक्षर दोनदा. आधी त्याला सांगा की हा अंक आहे. सांगितलं. मग मात्र बरोबर चालला. डावीकडचा अंक घ्यायचा, झालेल्या बेरजेची दुप्पट करून त्यात तो मिळवायचा, मग पुढचा अंक, असं शेवटपर्यंत. मॅडमनी दहा-बारा संख्या घालून पाहिल्या, एकही चुकली नाही. वर्गासमोर मला शाब्बास म्हणाल्या. गणितात शाब्बास ऐकण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. इथेच माझं डोकं फिरलं असावं.

घरी येऊन मी पुठ्ठ्यावर पंधरा गोष्टी लिहिल्या आणि आक्काला दिसेल असा पुठ्ठा समोरच्या भिंतीवर लावला. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे चहा, चार म्हणजे खिडकी उघड, असं. सहाला भूक ठेवली. नऊला 'दुखतंय' ठेवलं, नाकी नऊ येतात म्हणून, लक्षात राहायला सोपं. बाराला दिवा मालव. चौदाला केस विंचर, कारण लहानपणी ती माझे केस विंचरायची ते त्या रत्नापेक्षा वेगळं नव्हतं. पंधराला भांडं दे. अकराला वर्तमानपत्र वाच. आणि तेराला, गुंडे, मी तुला ठेवलं. 'गुंडीला बोलाव.' तुमच्या दोघींत जे तीनतेरा वाजले त्याची आठवण म्हणून नव्हे, रिकामी जागा तेवढीच उरली होती म्हणून. तू शाळेची नोकरी नाकारून बंदरावर निघालीस आणि आक्का म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस, तेव्हा मी मधे उभा होतो, हातात तुझी बॅग. तेरा कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. तरी लिहिलं.

मग मी तिला समजावलं. पेन्सिलीने टेबलावर चार टिचक्या मारीन, प्रत्येक टिचकीला तू डोळा मीट किंवा उघडा ठेव, मी एकेक अंक टाइप करतो, यंत्र बेरीज करील. घरं कशी वाढतात हे सांगताना एकं, दहं, शतंच्या चालीवर माझ्या तोंडून आपोआप निघालं: एकं, दुकं, चौकं, आठकं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. पुरे, कळलं, असं ते मिटणं होतं. शाळेत मुलांनाही ती एकदाच सांगायची.

आता पुढचं ऐक आणि हसू आलं तर हस, मला आता हरकत नाही. पहिल्याच दिवशी यंत्राने आठ दाखवले. आठ म्हणजे रेडिओ. मी रेडिओ लावला. तिने पुन्हा आठ सांगितले, मी आवाज वाढवला. (तिला पाणी हवं होतं.) दुपारी बारा आले म्हणून भर दिवसा पडदे ओढून दिवा मालवला आणि ती अंधारात पडून राहिली. चहाची वाट बघत होती, हे मला आता कळतं. उकाड्यात चौदा आले तर मी कंगवा घेतला. तिला पंखा हवा होता, मी अर्धा तास भांग पाडत बसलो. एकदा दहा आले, दहा म्हणजे डॉक्टरांना बोलाव. डॉक्टर धावत आले, तपासलं, काही सापडलं नाही, आणि जाताना त्यांनी उशी जरा सरळ केली तर तिचा चेहरा निवळला. डॉक्टर मला म्हणाले, उगाच घाबरवू नका. आणि दोन! दोन म्हणजे कूस बदल. मी तिला भिंतीकडे वळवायचो. पुन्हा दोन, मग दुसरीकडे. पुन्हा दोन. खिडकी उघडायला सांगणाऱ्या बाईला मी दिवसभर पोळीसारखं उलटत-पालटत होतो.

मधूनच काही अगदी बरोबर यायचं. सहा आले की खरोखर भूक असायची, पंधरा आले की खरोखर घाई असायची, आणि नऊ आले की कुठेतरी दुखत असायचं. म्हणून मी गोंधळलो. सिस्टरांना सांगितलं, त्या म्हणाल्या, असंच असतं हो, कधी समजतं, कधी समजत नाही. मी यंत्राकडे पाहिलं. ते बरोबर होतं, मॅडमनी दहा-बारा संख्या घालून पाहिलं होतं, वर्गासमोर शाब्बास मिळालं होतं. यंत्र बरोबर म्हटल्यावर चुकणारं माणूस एकच उरतं. जिचं गणित कधी चुकलं नाही ती माझी बहीण आता आत कुठे नाही, असं मी मनाशी धरून चाललो. हे लिहिताना मला शरम वाटते.

रोज दुपारी अकरा यायचे. रोज. मी वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि पहिल्या पानापासून वाचायचो. दरवाढ, अपघात, भाषणं, निधनवार्ता, हरवले-सापडले, हवामान. ती रडायची. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर जायचं. मला वाटायचं, बातम्याच तशा आहेत. मग मी निधनवार्ता गाळायला लागलो, तरी रडायची. मी म्हणायचो, आक्का, उद्या चांगल्या बातम्या असतील. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. त्याच दिवसांत तुझं ते पत्र आलं. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. तेरा एकदाही आले नव्हते. तुझं नाव घेऊन तिला सरळ विचारायची माझी छाती झाली नाही. मी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं.

मग मागच्या आठवड्यात रुग्णालयातून मोठे डॉक्टर आले, आक्काला किती समजतं ते ठरवायला. समजत असेल तर सिस्टर घरी येत राहणार. समजत नसेल तर तिला गावाबाहेरच्या त्या लांब इमारतीत हलवायचं, जिथे ओळीने खाटा आहेत आणि टिचक्या मारायला कुणी नाही. मी मोठ्या ऐटीत संगणक उघडून बसलो. डॉक्टरांनी तीन बोटं दाखवली, किती? मी टिचक्या मारल्या, टाइप केलं, यंत्र म्हणालं बारा. एक बोट दाखवलं, यंत्र म्हणालं आठ. दोन बोटांना चार. मग दोन्ही हातांची मिळून सहा दाखवली, तेव्हा मात्र सहा. मी उडी मारली, डॉक्टर म्हणाले, योगायोग. त्यांनी कागदावर लिहिलं की आकलन दिसत नाही, आणि मला म्हणाले, तुम्ही खूप केलंत. माणूस गेल्यावर म्हणतात तसंच म्हणाले. आक्का छताकडे बघत होती.

ते गेल्यावर मी टेबल पुसायला घेतलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. हात चालला की मी काहीतरी पुटपुटतो, सवय आहे, शिक्के कोरतानाही पुटपुटायचो. त्या दिवशी तोंडात तेच आलं. एकं म्हटलं आणि सहज मान वर केली तर आक्काने डोळे मिटले. दुकं, उघडले. चौकं, मिटले. आठकं, मिटलेलेच. मी फडकं हातात धरून उभा. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. मिटला, उघडा, मिटला, मिटला. एक, चार आणि आठ. मी बोटांवर बेरीज केली, मग पुन्हा केली, कारण माझ्या बेरजेचा मला कधीच भरवसा नाही. तेरा.

गुंडे, ती एकंपासून सांगत होती. तिने जन्मभर मुलांना हेच शिकवलं, सुरुवात एकंपासून करा, हातचा तिथूनच निघतो. मीही तिला तोंडाने एकं आधी सांगितलं आणि टाइप मात्र डावीकडून केलं, जिथे आठाचं घर असतं. तिचं पहिलं ते यंत्राचं शेवटचं. सहा, नऊ आणि पंधरा हे आकडे दोन्हीकडून सारखेच वाचले जातात, म्हणून तेवढेच बरोबर येत होते. यंत्र बरोबर होतं, आक्का बरोबर होती, दोघांच्या मधे मी बसलो होतो. ज्याने सगळं आयुष्य रबरावर उलटी अक्षरं कोरण्यात घालवलं, शिक्का पाहताक्षणी तो कागदावर कसा उमटेल हे ज्याला दिसतं, त्याला घरातल्या माणसाचं बोलणं उलटं वाचतोय हे दिसलं नाही. मी तिच्या खाटेपाशी बसून रडलो. तिने डोळे मिटून घेतले. यावेळी ते कसलं मिटणं होतं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तेव्हापासून बरं चाललं आहे. पाणी मागितलं की पाणी मिळतं, खिडकी दिवसभर उघडी असते, रेडिओ बंद असतो. (तो तिला कधीच आवडत नव्हता, हे मला विसरायला झालं होतं.) तुमच्या दोघींचा छत्तीसचा आकडा, काल तो मी सहज उलटा करून पाहिला, शिक्का पाहतात तसा नव्हे, आकड्यांची जागा बदलून. त्रेसष्ट झाले, आणि त्यात तीन आणि सहा एकमेकांकडे तोंड करून बसलेले आहेत. हे माझ्या या वयात लक्षात यावं! असो. तू यायलाच हवं असं काही नाही. क्रेन अर्धवट सोडून येता येत नाही, मी समजू शकतो. प्रकृतीला जप, कान बांध.

तुझा,
मामा

ता. क. मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. म्हणाले, टिचक्या तुम्ही मारता, टाइप तुम्ही करता, आणि आता उत्तर उलटं वाचायचं हेही तुम्हीच ठरवता. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी ते पुन्हा येणार आहेत, पण प्रश्न विचारायला माझ्याशिवाय घरचं दुसरं कुणी हवं म्हणतात. घरात माझ्याशिवाय दुसरं कोण आहे, ते तुला माहीत आहे. शिकायला काही अवघड नाही, एकंपासून सुरू करायचं.

पुन्हा ता. क. माझ्या मागच्या पत्रातला तो एक शब्द चुकीचा आहे. 'नाही' खोडून तिथे 'रोज दुपारी' असं वाच.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करणार होतो, तेवढ्यात आक्काने अकरा सांगितले, खरेखुरे अकरा. वर्तमानपत्र घेतलं तर ती या कागदांकडेच बघत राहिली. म्हणून हे पत्र तिला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. पोळीच्या वाक्याला पापणी हलली, हसली असावी. 'तू यायलाच हवं असं काही नाही' इथे आलो तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी वाचायचा थांबलो आणि टिचक्या मारल्या. नऊ आले. नऊ कुठूनही वाचले तरी नऊच, तिथे माझ्या चुकीला जागा नाही. मी विचारलं, आक्का, कुठं दुखतंय? पुन्हा टिचक्या मारल्या.

तेरा.